परदेशात जायचंय, लसीचं सर्टिफिकेट लागणारे? कोविनपासून पिवळ्या पुस्तकापर्यंत सगळं क्रमाने

पहिल्यांदा परदेशात निघालेल्या माणसाला कोणीतरी सांगतं की "लसीचं सर्टिफिकेट काढलंस का?" आणि तो कामाला लागतो, पण कुठल्या लसीचं हे कोणी सांगतच नाही. म्हणून सगळ्यात आधी हे ठरवा. कोविडचं, यलो फिव्हरचं म्हणजे पीतज्वराचं, की मेनिंजायटीसचं म्हणजे मेंदूच्या आवरणाच्या संसर्गाचं? तिन्हीची कागदं वेगळी, मिळायच्या जागा वेगळ्या, आणि डिजिटल चालतं की कागदच लागतो हेही वेगळं.

कोविडचं आधी सांगते, कारण 2021 चे जुने मेसेज अजून व्हॉट्सअॅपवर फिरतायत आणि लोक उगाच घाबरतात. जागतिक आरोग्य संघटनेने 5 मे 2023 ला कोविडची आणीबाणी संपली म्हणून जाहीर केलं, अमेरिकेने पुढच्याच आठवड्यात बाहेरून येणाऱ्यांसाठीची लसीची अट काढली, भारतात येणाऱ्यांनी आधी ऑनलाइन भरायचा तो एअर सुविधा फॉर्म 22 नोव्हेंबर 2022 लाच बंद झाला होता. त्यामुळे साध्या फिरायच्या ट्रिपला आता सहसा कोणी कोविड सर्टिफिकेट मागत नाही. मग काढून कशाला ठेवायचं? कारण बोटीवरची नोकरी, हॉस्पिटलमधली नोकरी, काही कॉलेजं अजून मागू शकतात, आणि नियम परत यायला वेळ लागत नाही. फॉर्म बंद होऊन महिना होतोय न होतोय तर 1 जानेवारी 2023 पासून चीन, हाँगकाँग, जपान, दक्षिण कोरिया, सिंगापूर आणि थायलंडहून येणाऱ्यांना आपल्याच सरकारने परत आरटीपीसीआर सक्तीची केली होती, ज्यांची तिकीटं आधीच काढून झाली होती त्यांची किती पळापळ झाली ते मी जवळून बघितलंय.

तुमच्या देशाला काय लागतं हे बघायला त्या देशाच्या दूतावासाची साइट आणि तुमच्या एअरलाइनची साइट, दोन्ही बघा. चेक-इन काउंटरवरचा माणूस आपल्या मनाने ठरवत नसतो, त्याच्यासमोर टायमॅटिक नावाची सिस्टीम असते, त्यात तुमचं नागरिकत्व, जायचा देश आणि मधला ट्रान्झिट टाकला की काय काय कागद हवेत ते येतं. कागद अपुरे असताना प्रवासी नेला तर एअरलाइनला दंड बसू शकतो, म्हणून ते तिथे कडक असतात, आपण हुज्जत घालून काही होत नाही. मधला ट्रान्झिट मुद्दाम म्हणतेय, कारण लोक फक्त शेवटचा देश बघतात आणि मध्ये अदिस अबाबाला, म्हणजे इथिओपियात, पीतज्वराच्या देशात, चार तास थांबणार आहोत हे विसरतात.

आता कोविन, म्हणजे कोविड लसीच्या नोंदीची सरकारी साइट.

कोविनच्या साइटवर ज्या मोबाइल नंबरवर लस घेतली त्याच नंबरने लॉगिन करायचं, ओटीपी येतो. आत गेलात की त्या नंबरवर नोंदवलेली सगळी माणसं दिसतात. सुरुवातीला एका नंबरवर चार जणांची सोय होती, 2022 च्या जानेवारीत ती सहा केली, त्यामुळे बऱ्याच घरात आजी-आजोबा, काका सगळे एकाच मुलाच्या नंबरवर आहेत. तो नंबर बंद केला असेल तर अडचण होते. जुनी प्रिंट घरात कुठेही सापडली तर त्यावर बेनिफिशरी रेफरन्स आयडी असतो, तो नंबर टाकून डिजिलॉकरमध्ये सर्टिफिकेट ओढता येतं. म्हणून आत्ता हे वाचताय तर उठून ती प्रिंट कुठे आहे बघा, आणि नंबर बदलायचा विचार असेल तर जुना नंबर चालू असतानाच नवीन नंबरवर माणूस ट्रान्सफर करून घ्या, तो पर्याय तिथेच "रेज अॅन इश्यू" मध्ये आहे.

सर्टिफिकेट उघडलं की डाउनलोड करायची घाई करू नका. शेजारी पासपोर्ट उघडा आणि अक्षर अन् अक्षर जुळवा. माझं सगळ्यात जास्त सांगणं याच जागी आहे, बाकी सगळं नंतर जमतं.

आपल्याकडे नावांचा घोळ कसा होतो बघा. रेशन कार्डावर आडनाव आधी, मग नाव, मग वडलांचं किंवा नवऱ्याचं नाव. आधारवर नाव आधी. पासपोर्टवर दोनच रकाने, एकात आडनाव आणि दुसऱ्यात नाव, आणि मधलं नाव बहुतेक वेळा नावाच्याच रकान्यात जोडलेलं. लस घेताना जे ओळखपत्र दाखवलं त्यावरून सेंटरवरच्या माणसाने टाइप केलं, आणि त्या दिवसात रांग रस्त्यापर्यंत होती, त्यांच्याकडे तपासायला वेळ कुठला. मग कोणाच्या नावाला "बाई" चिकटलं, कोणाच्या नावाचं "राव" गळलं, लग्न झालेल्या बाईचं आधार सासरच्या नावाचं आणि पासपोर्ट अजून माहेरच्या, देशमुखमधे डीईएसएचच्या पुढे एक ए जास्त, वैशालीच्या शेवटी आय ऐवजी दोन ई. मराठीत लिहिलं तर सगळं एकच दिसतं, म्हणून आपल्याला ते चुकलंय असं वाटतच नाही, पण काउंटरवरचा माणूस इंग्रजी अक्षरं मोजतो.

आमच्या आईचंच सांगते. 2021 च्या डिसेंबरात बहिणीच्या बाळंतपणाला ती लंडनला निघाली होती. तिने लस घेताना मतदान कार्ड दाखवलं होतं, त्यावर आडनाव आधी आणि नावाला बाई जोडलेलं. पासपोर्टवर बाई नाही आणि आडनाव शेवटी. दोन कागद शेजारी ठेवले तर ती दोन वेगळ्या बायकांची वाटतील असे होते. आम्हाला हे दिसलं निघायच्या पाच दिवस आधी, रात्री बॅगेचं वजन करताना, आणि त्या रात्री कोणालाच झोप लागली नाही. दुरुस्ती टाकली, दुसऱ्या दिवशी बदललेलं सर्टिफिकेट आलं, पण ते पाच दिवस आधी दिसलं म्हणून.

दुरुस्ती कशी करायची तर "रेज अॅन इश्यू" वर जा, माणूस निवडा, "करेक्शन इन सर्टिफिकेट" निवडा. नाव, जन्मवर्ष, लिंग अशा गोष्टी तिथे बदलता येतात. पण सगळ्या एकदम नाही आणि वारंवार नाही, संधी एकदाच मिळते असं समजूनच बसा. म्हणून मोबाइलवर घाईत टाइप करू नका, ऑटोकरेक्ट नाव बदलून टाकतो. पासपोर्टवरचं नाव आधी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या, दुसऱ्या कोणाला तरी एकेक अक्षर मोठ्याने वाचायला सांगा आणि मग टाका. पासपोर्टच रिन्यूला गेलाय आणि नवीन नाव त्यावर येणार आहे असं असेल तर तो हातात येईपर्यंत थांबा, आधी पासपोर्ट, मग सर्टिफिकेट, उलटं करायचं नाही.

दुसरा नेहमीचा घोळ म्हणजे दोन पहिले डोस. वडलांनी पहिला डोस गावाकडे प्राथमिक आरोग्य केंद्रात घेतला, तिथे आशाताईंनी नोंद करताना त्यांचाच किंवा शेजाऱ्यांचा नंबर टाकला, मग दुसरा डोस ठाण्याला मुलाकडे आल्यावर मुलाच्या नंबरवर, आणि कोविनला वाटतं ही दोन माणसं आहेत, दोघांचाही पहिलाच डोस झालाय. अशावेळी दोन अर्धवट सर्टिफिकेटं घेऊन प्रवासाला निघू नका. त्याच "रेज अॅन इश्यू" मधे दोन पहिले डोस एकत्र करायचा पर्याय आहे, त्याला दोन्ही नोंदींचे आयडी लागतात. गावच्या नंबरवर एसएमएस आलेला असतो, तो शोधायला सांगा, आशाताईंना फोन करा, त्या बहुतेक मदत करतातच, त्यांच्या वहीत तारीख सुद्धा असते.

नाव जुळलं, डोस जुळले, आता पासपोर्ट जोडा. "अॅड पासपोर्ट डिटेल्स" मध्ये पासपोर्ट नंबर टाकायचा. शून्य आणि ओ यात गल्लत होते, आपल्या पासपोर्ट नंबरमधे सुरुवातीला एक अक्षर आणि पुढे सात आकडे असतात, म्हणजे पुढचं जे काही गोल दिसेल ते शून्यच. मग इंटरनॅशनल ट्रॅव्हल सर्टिफिकेट असा वेगळा पर्याय आहे, त्यात पूर्ण जन्मतारीख भरायची. हे वेगळं सर्टिफिकेट का आलं ते माहीत असलेलं बरं. साध्या सर्टिफिकेटवर फक्त वय असायचं, पूर्ण जन्मतारीख नसायची, आणि पासपोर्टवर तर तारीख असते. 2021 च्या सप्टेंबरात ब्रिटनने आपल्या सर्टिफिकेटवरून अडवलं, कोव्हिशिल्ड घेतलेल्यांनाही लस न घेतलेल्यांसारखं वागवायचं ठरवलं, आपणही उलट तसाच नियम लावला, आणि शेवटी 11 ऑक्टोबरपासून ब्रिटनने ते मागे घेतलं. त्याच काळात कोविनवर पूर्ण जन्मतारखेचं सर्टिफिकेट आलं. म्हणून परदेशासाठी साधं सर्टिफिकेट घेऊन जाऊ नका, हे वेगळं डाउनलोड करा. कोव्हॅक्सिन घेतलेल्यांनी एक लक्षात ठेवा की जागतिक आरोग्य संघटनेची मंजुरी तिला 3 नोव्हेंबर 2021 ला मिळाली, कोव्हिशिल्डला त्याच वर्षी फेब्रुवारीतच मिळाली होती, आणि काही देशांनी कोव्हॅक्सिन मानायला त्यानंतरही वेळ घेतला. कोणी लसीचं नाव विचारलं तर नीट सांगा, दोन्हींना ती मंजुरी मिळालेली होती.

आता क्यूआर कोड तपासा, स्वतः, घरी बसून. कोविनचीच तपासणीची वेगळी साइट आहे, व्हेरिफाय कोविन म्हणून, दुसऱ्या फोनवर ती उघडा, कॅमेऱ्याला परवानगी द्या आणि सर्टिफिकेटवरचा कोड समोर धरा. बरोबर असेल तर सर्टिफिकेट तपासलं गेलं असं हिरव्यात येतं आणि खाली नाव, वय, डोसची तारीख दिसते. त्या कोडमध्ये तुमची माहिती आणि सरकारी सर्व्हरची डिजिटल सही असते, सही तपासायची किल्ली सगळ्यांना खुली असते पण सही करायची किल्ली फक्त सरकारकडे. म्हणून कोणी फोटोशॉपमध्ये वर नाव बदललं तरी कोडमधून जुनंच नाव निघतं, आणि कोडच बनवायला गेलं तर तो अवैध दाखवतो. एखादा एजंट "पैसे द्या, घरबसल्या सर्टिफिकेट" म्हणाला तर त्याच्या वाटेला जाऊ नका, ओटीपी तर कोणालाच देऊ नका.

आपल्या या कोडात माहिती खूप असल्याने तो फार दाट असतो, बारीक ठिपक्यांचा. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि ठिपके एकमेकात मिसळतात, मग स्कॅन होत नाही आणि आपल्याला वाटतं सर्टिफिकेटच खोटं आहे. पाठवायचं असेल तर डॉक्युमेंट म्हणून पीडीएफ पाठवा. प्रिंट काढताना संपूर्ण ए4 वर काढा, दोन पानं एका पानावर असं करू नका, आणि शाई संपत आलेल्या झेरॉक्सवाल्याकडे नको. घडी कोडावरून जाणार नाही अशी घाला.

हेही माहीत असू द्या की आपला कोड दुसऱ्या देशातल्या अॅपमधे स्कॅन होईलच असं नाही. युरोपने 1 जुलै 2021 पासून स्वतःचं डिजिटल कोविड सर्टिफिकेट चालू केलं होतं, ते 30 जून 2023 पर्यंत चाललं, आणि त्यांचे स्कॅनर त्यांच्याच पद्धतीचे कोड वाचायचे. तिकडे गेलेली आपली कितीतरी मुलं कॅफेच्या दारात अडकली कारण लस घेतलेली खरी पण कोड वाचला जाईना, मग जर्मनीत फार्मसीत जाऊन भारतीय सर्टिफिकेट दाखवून युरोपचा कोड करून घ्यावा लागायचा. पुढे 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने युरोपचीच पद्धत घेऊन सगळ्या देशांसाठी एक जाळं उभं करायला घेतलं, त्यावर हजच्या यात्रेकरूंची आरोग्य कार्डंही चालवून बघितली. पण तुम्ही पीडीएफ, प्रिंट आणि पासपोर्ट तिन्ही बरोबर ठेवा, डोळ्यांनी वाचणारा माणूस अजून सगळीकडे असतो.

पीडीएफ फोनमध्ये डाउनलोड फोल्डरात टाकून सोडू नका, तिथे ती सापडत नाही. नावासकट सेव्ह करा, एक प्रत ड्राइव्हवर, एक स्वतःला ईमेल, आणि नेट नसताना उघडते का ते विमान मोड लावून बघा. डिजिलॉकर चांगलं आहे पण त्याला नेट लागतं आणि लॉगिनला ओटीपी, परदेशात उतरल्यावर भारतीय सिमला रोमिंग नसेल तर ओटीपी येणार कुठून?

आता यलो फिव्हर, इथे मात्र सगळं उलटं आहे. केनियाची सफारी, नायजेरियातली नोकरी, युगांडा, घाना, ब्राझील, असं काही असेल तर तुम्हाला लागतं ते पिवळं पुस्तक, म्हणजे या लसीचं कागदी आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट. कोकणातल्या ज्या घरातली माणसं बोटीवर आहेत त्यांना ते चांगलं माहीत असतं, कपाटात पासपोर्टशेजारीच ठेवलेलं असतं. ही लस कुठल्याही डॉक्टरकडे मिळत नाही, सरकारने ठरवून दिलेल्या केंद्रातच मिळते. मुंबईत विमानतळ आणि बंदराच्या आरोग्य कार्यालयाकडे, केईएमला, पुण्यात बीजे मेडिकलला, गोव्यात मुरगाव बंदराच्या आरोग्य कार्यालयात. जायच्या आधी फोन करा किंवा ऑनलाइन वेळ घ्या, कारण ही लस बऱ्याचदा अनेक डोसच्या कुपीत येते, कुपीतली पावडर एकदा विरघळवली की ती कुपी सहा तासात संपवावी लागते, म्हणून केंद्रं ठराविक दिवशी माणसं गोळा करून देतात. उद्या जाऊन घेऊ असं होत नाही.

तारखेचा हिशोब नीट करा. सर्टिफिकेट लस घेतल्यापासून 10 दिवसांनी लागू होतं. 1 तारखेला टोचून घेतलं तर 11 पासून. 8 तारखेचं विमान असेल तर लस घेऊनही तुमचं पुस्तक चालत नाही, म्हणून महिनाभर आधी जा. एकदा घेतली की मात्र जन्मभराची, 11 जुलै 2016 पासून तसा नियम आहे, आणि जुन्या पुस्तकात 10 वर्षं लिहिलेलं असलं तरी तेही जन्मभर चालतं, कोणी परत डोस घ्या म्हणून पैसे मागत असेल तर ऐकू नका. अंड्याची अॅलर्जी, गरोदरपण, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं, 60 च्या वरचं वय, यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, ही जिवंत विषाणूची लस आहे. देता येत नसेल तर डॉक्टर तसं सही-शिक्क्याचं पत्र देतात, ते मानायचं की नाही हे त्या देशाच्या अधिकाऱ्याच्या हातात असतं, म्हणून दूतावासाला आधी विचारून घ्या.

पुस्तक हातात आलं की तिथेच उभं राहून तपासा, घरी येऊन नाही. नाव पासपोर्टप्रमाणे, पासपोर्ट नंबर, लसीची तारीख, बॅच नंबर, डॉक्टरांची हाताने केलेली सही, आणि केंद्राचा शिक्का. कागदाच्या पुस्तकात नुसता शिक्का सहीच्या जागी चालत नाही. खाडाखोड झाली असेल तर नवीन पान मागा, कारण नियमात स्पष्ट लिहिलंय की खाडाखोड किंवा रिकामी जागा राहिली तर सर्टिफिकेट बाद ठरू शकतं. तुमची स्वतःची सहीही लागते, ती लोक विसरतात. लहान मुलाच्या जागी आई किंवा वडील सही करतात, आणि प्रत्येक मुलाचं पुस्तक वेगळं, आईच्या पुस्तकात मुलाचं नाव असं नसतं.

मग याचं डिजिटल कुठे? आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांमधे 2024 साली दुरुस्ती झाली, ती 19 सप्टेंबर 2025 पासून लागू झाली, आणि त्यात अशी कागदपत्रं डिजिटलही असू शकतात असं आलंय. पण तुम्हाला केंद्रावर पिवळं पुस्तक दिलं असेल तर तुमचा पुरावा ते पुस्तकच आहे, फोनमधला त्याचा फोटो नाही. फोटो काढाच, हरवलं तर दुसरी प्रत मागायला बॅच नंबर आणि तारीख त्यावरून मिळते, पण काउंटरवर पुस्तक द्या. आणि ते चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, बॅग विमानाच्या पोटात जाते आणि तपासणारा माणूस तुमच्यासमोर असतो.

उमरा किंवा हजला जाणाऱ्यांसाठी मेनिंजायटीसच्या चार प्रकारच्या जंतूंवरची लस, पोहोचायच्या किमान 10 दिवस आधी. इथेही सर्टिफिकेटवर लसीचा प्रकार नीट लिहून घ्या, पॉलिसॅकराइड प्रकारची लस 3 वर्षं मानतात आणि कॉन्जुगेट प्रकारची 5.

शिकायला निघालेल्या मुलांचं थोडं वेगळं असतं. अमेरिकेतली कॉलेजं बहुतेक स्वतःचा फॉर्म देतात, गोवर-गालगुंड-रुबेलाचे दोन डोस विचारतात, लहानपणीचं बालरोगतज्ज्ञांचं कार्ड सापडलं तर डॉक्टर त्यावरून फॉर्म भरून सही-शिक्का देतात, नाही सापडलं तर रक्ततपासणी किंवा परत डोस. आत्ताच्या बाळांच्या लसी यू-विन या कोविनसारख्याच सरकारी साइटवर नोंदवल्या जातात, तिथून क्यूआर कोडचं सर्टिफिकेट मिळतं, तेव्हा अंगणवाडीत किंवा दवाखान्यात लस देताना नोंद झाली का हे विचारत जा, बाळाचं नाव ठेवायच्या आधीचे डोस "अमुकचं बाळ" म्हणून नोंदलेले असतात ते नंतर नावावर करून घ्या.

परत येतानाही पुस्तक लागतं, हे बरेच जण विसरतात. पीतज्वराच्या देशातून निघून 6 दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि चालणारं सर्टिफिकेट नसेल तर 6 दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात, 9 महिन्यांपेक्षा मोठ्या सगळ्यांना हा नियम आहे. नुसता ट्रान्झिट असेल आणि तुम्ही विमानतळाबाहेर पडला नसाल तर सूट मिळू शकते, पण ती देणं न देणं आरोग्य अधिकाऱ्याच्या हातात. केनियाहून आम्ही मुंबईला उतरलो तेव्हा इमिग्रेशनच्या आधीच एक टेबल होतं, पहाटेचे साडेतीन, पुढच्या कुटुंबातल्या आजींचं पुस्तक मोठ्या बॅगेत होतं आणि बॅग अजून पट्ट्यावर आलीच नव्हती, त्यांना बाजूला बसवून ठेवलेलं, सून रडवेली झालेली. आमचं पुस्तक उघडून त्यांनी तारीख बघितली, पासपोर्टवरचा नंबर बोट ठेवून जुळवला आणि परत दिलं, अर्धं मिनिट लागलं असेल.

पासपोर्ट रिन्यू झाला की पुस्तकात जुनाच नंबर राहतो. तेव्हा जुना रद्द झालेला पासपोर्ट फेकू नका, पुस्तकाला रबर लावून बरोबर ठेवा, नवीन पासपोर्टवर जुन्याचा नंबर शेवटच्या पानावर छापलेला असतो, तो दाखवला की जुळतं. पुस्तकातला नंबर मात्र स्वतःच्या हाताने खोडून नवीन लिहू नका.